म्हशीच्या मार्फत

आपलं म्हणणं माणसानं आपणच समोरच्याला सांगावं, ही रीत आमच्या मुळशीच्या खोऱ्यात फार उशिरा आली. माझ्या लहानपणी आणि लग्नानंतरही बरीच वर्षं, म्हणणं एकाचं, बोलणारा दुसरा आणि ऐकणारा तिसरा असाच कारभार होता. सोयरीक करायची तर मधला लागे. मधला नसताना दोन बाप समोरासमोर बसले, तर तंबाखूची चंची एकमेकांपुढे सरकवण्यापलीकडे काही घडत नसे. नवरीबरोबर पाठराखीण जाई. नवरीला भूक लागली की पाठराखीण सांगे, "पोरीला भूक लागलीया," आणि आलेल्या ताटातलं अर्धं स्वतः संपवी. माझ्या पाठराखणीनं संपवलं. ती माझी आत्या होती, म्हणून तिच्याविषयी एवढ्यावरच थांबते. कचेरीत मुखत्यार, कोर्टात वकील, जनावरांच्या बाजारात हेडी. देवळात गुरव, तो तर आमच्या वतीनं देवाशी बोले आणि देवाच्या वतीनं आमच्याशी, आणि नारळ दोन्ही वेळेला आमचाच फुटे.

या सगळ्या मंडळींमध्ये माझा लाडका शब्द मुराळी. सासुरवाशिणीला सणासाठी माहेरी न्यायला जो येतो तो मुराळी. बहुतेक भाऊच. तो दारात आला की त्याच्या अंगावर माहेरचा वास असतो, आणि तो "न्यायला आलोय" असं म्हणाला की ते त्याचं एकट्याचं बोलणं नसतं, आख्खं माहेर बोलत असतं. मुराळी आल्याशिवाय सून धाडायची नाही, ही रीत. आपण होऊन धाडली तर लोक म्हणणार, घालवून दिली.

पण मी ज्या मध्यस्थाची हकिगत सांगणार आहे, त्याच्यासाठी मराठीत शब्द नाही. त्याला चार पाय होते, डावं शिंग वाकडं होतं आणि तो दोन्ही वेळेला दूध देई.

आधी माझं माहेर सांगते. आम्ही भऱ्याचे, पिरंगुटाजवळचे. आता तिथं कारखान्यांची कुंपणं आलीत आणि आमच्या खाचरात लोखंडी फाटक उभं आहे. तेव्हा भात होता, विहीर होती आणि विहिरीजवळच्या आंब्याला झोका होता. आम्हाला भाऊ नव्हता. आम्ही दोघी बहिणी. धाकटीला जन्मापासून ऐकू येत नसे, म्हणून बोलणंही आलं नाही. पण गप्प बसणारी ती नव्हती. तिनं हातांची बोली बनवली होती. वडील म्हणजे मिशीवरून फिरवलेलं बोट. आई म्हणजे भाकरी थापणारे दोन तळवे. आणि मी म्हणजे ओठांजवळ पाची बोटं जुळवून भराभरा उघडझाप, चिमणीच्या चोचीसारखी. तिच्या बोलीत माझं नाव तोंड.

नाव चुकीचं नव्हतं. तिच्या वाटचं आणि माझ्या वाटचं, दोघींचं मीच बोलायची. वाण्याच्या दुकानात तिला गूळ हवा असला की मी मागायची. तिला कुणी वेडं म्हणालं तर तिच्या वतीनं शिव्या मी द्यायची. कधी तिच्या म्हणण्यात माझं थोडं मिसळून देई. "ती म्हणती, आज मला भांडी घासायला लावू नका." ते तिला बरोबर कळे. ती सगळ्यांदेखत माझ्या दंडाला चिमटा काढी आणि आई हसू दाबत दुसरीकडे बघे.

साठ सालाच्या पुढेमागे वैशाखात माझं लग्न झालं आणि हे तोंड सासरी गेलं. सासर वर, धरणाच्या पाण्याच्या काठाला, ताम्हिणीच्या अंगाचं. नवरा मुंबईला गिरणीत. हळद फिटायच्या आत तो गेला, तो गणपतीला यायचा होता. घरात उरलो तिघं. सासरे, सासूबाई आणि मी. सासऱ्यांना मामंजी म्हणायचं आणि सासूबाईंना आत्याबाई.

मामंजी म्हणजे उंच, वाळका, पिळदार माणूस. घरात शिरण्याआधी ते खोकत. तो खोकला आजाराचा नव्हता. मला डोक्यावर पदर घ्यायला वेळ मिळावा म्हणून तो होता. सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही आणि सासऱ्यानं सुनेशी. मग एकाच घरात चालायचं कसं? तर आत्याबाई मध्ये. आता चित्र बघा. तीन हात रुंद स्वयंपाकघर. मी चुलीशी, मामंजी पाटावर, मध्ये आत्याबाई. मामंजी म्हणत, "भाकरी करपलीया." मला ते ऐकू आलेलं. तरी आत्याबाई माझ्याकडे वळून म्हणत, "अगं, चांगली झालीया, पर जाळ वाईच कमी ठेव." मी म्हणे, "आत्याबाई, मामंजींना विचारा, अजून वाढू का?" त्या त्यांच्याकडे वळून म्हणत, "पुरं म्हनती सून. लई झालं." मामंजी गप उठून हात धुवत. मला ओरडून सांगावंसं वाटे की मी तसं म्हटलेलं नाही. पण सांगायचं कुणाच्या मार्फत?

आषाढात लावणी उरकली आणि आत्याबाई नणंदेच्या बाळंतपणाला तिच्या सासरी गेल्या. जाताना मला भांडीकुंडी, दाणागोटा सगळं समजावलं. फक्त बोलायचं कसं ते सांगायचं राहिलं.

पहिला दिवस मुक्यानं गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजी शेतावरून आले, खोकले, इरलं उतरवून पडवीत बसले. त्यांना पाणी हवं होतं, हे मला दाराआडून दिसत होतं. पण मागितल्याशिवाय पुढं जावं की नाही ते कळेना. त्यांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. पडवीच्या टोकाला म्हैस बांधलेली होती. तिच्याकडे बघून ते म्हणाले, "म्हशे, घसा वाळलाय गं."

मी पाण्याचा तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि आत पळाले. आत जाऊन पदर तोंडात कोंबून हसले. मग विचार केला, दार उघडलंच आहे तर आपणही वापरावं. दाराआडून म्हटलं, "म्हशे, भाकरीबरोबर काय करू? वालाची उसळ की पिठलं?"

पडवीत काडी ओढल्याचा आवाज आला. मग उत्तर आलं. "म्हशे, पिठलं. पर परवासारक्या गुठळ्या नगंत."

"म्हशे, परवाचं पिठलं आत्याबाईंनी केलं होतं."

मग अगदी हळू, "म्हशे, ती आली की ह्ये तिला सांगू नगं."

तिथून आमचं जमलं. म्हैस आत्याबाईंपेक्षा फार प्रामाणिक. ती मधलं काही गाळत नसे आणि पदरचं काही घालत नसे. आम्ही बोलत असताना ती रवंथ करत दोघांकडे आळीपाळीनं बघे, थेट पंचासारखी. सांजेला मी धार काढायला बसे, मामंजी पडवीत विडी ओढत बसत, आणि गप्पा चालत. कुठल्या खाचरात पाणी जास्त झालं, मुंबईला गिरणीत भोंगा किती वेळा होतो, नणंद लहानपणी झाडावरून कशी पडली होती. मी मुळातच तोंड. दोन महिने मिटलेलं होतं ते, म्हशीच्या कृपेनं उघडलं. मामंजीही मुळात बोलका माणूस होता, हे मला तेव्हा कळलं. आत्याबाईंनी त्यांचं बोलणं इतकी वर्षं कापून कापून पुढं पोचवलं होतं.

श्रावण लागायच्या तोंडावर कासार आला. बांगड्या भरणारा कासार हाही एक फिरता निरोप्याच. सुनांचा हात परपुरुषानं हातात घ्यावा आणि सासऱ्यांनी ते बघत बसावं, एवढी सूट त्या एकाला. त्याला सगळ्या गावच्या माहेर-सासरच्या खबरा असत. तो माझा हात दाबून दाबून बांगडी चढवत म्हणाला, "भऱ्यावरनं आलो. तुज्या बानं निरोप सांगितलाय. मुंबईच्या चुलतभावाला रजा न्हाई. पंचमीला मुराळी येत न्हाई. दिवाळीला बगू म्हनला."

माझा हात सैल पडला आणि बांगडी आपोआप मनगटात गेली. लग्नानंतरची पहिली नागपंचमी, आणि मला मुराळी नाही. वडील स्वतः येतील असं म्हणायची सोय नव्हती. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. तहानलेला मुराळी कसा येणार?

"आन ती धाकली," कासार म्हणाला, "लई वाळलीया बग. मला बगून पळत आली. माज्या पेटीला हात लावती, आन तोंडापाशी बोटं अशी अशी करती." त्यानं आपल्या दाढीपाशी बोटांची उघडझाप करून दाखवली. "मला वाटलं भूक लागलीया. शेंगदाणे दिलं तर फेकून दिलं. परत पेटीला हात, परत तोंडाला हात. काय कळंना बा. तुजी आय बी शेतात हुती. रडत गेली बग पोर."

मला कळलं. तिनं कासार गावोगाव फिरतो हे हेरलं होतं. ती त्याला विचारत होती, माझ्या तोंडाला बांगड्या भरल्यास का? ते कुठं आहे?

कासारासमोर मी रडले नाही. कासार सगळीकडे सांगतो.

सांजेला धार काढायला बसले, पण दुधाची धार कासंडीत पडण्याऐवजी माझ्या पायावर. मामंजींनी विडी पेटवली नाही. बऱ्याच वेळानं म्हणाले, "म्हशे, ती पोर तोंडाला हात का लावती गं?"

मी म्हशीला सगळं सांगितलं. मिशीवरचं बोट, भाकरीचे तळवे, चिमणीची चोच. गूळ, वाणी, चिमटे. "म्हशे, ती मला हाका मारतीया. आणि ते तिथं कुणाला कळत नाही. आईला कळतं, पण आईला वेळ नसतो. मी पंचमीला गेले नाही तर तिला वाटेल, आपलं तोंड गेलं ते गेलंच. दिवाळी म्हणजे किती लांब, हे तिला कसं सांगायचं?"

मामंजी म्हणाले, "म्हशे, रीत हाय. मुराळी आल्याबिगर धाडता येत न्हाई. गाव म्हनंल, दोन म्हयन्यात सून घालवली."

"म्हशे, रीत मोडा असं मी म्हणतच नाही."

"मग काय म्हनतीस, म्हशे?"

"काही नाही," मी म्हटलं. तेवढं एकच वाक्य मी म्हशीशिवाय, थेट बोलले असेन. ते ऐकून न ऐकल्यासारखं करून मामंजी उठून गेले.

पण मी तशी सोडणारी नाही. रोज सांजेला म्हशीच्या कानाशी लागले. ती बिचारी कान हलवी. "म्हशे, तुला बहीण आहे का गं? तिला भेटावंसं वाटतं का?" शेवटी पंचमी दोन दिवसांवर आली तेव्हा मामंजी वैतागले आणि मोठ्यानं म्हणाले, "म्हशे, तुला जायाचं हाय तर जा. म्या आडवीत न्हाई. पर न्हेनारा मानूस दारात आला पायजे. तेवढं झालं की म्या मोकळा."

आता आमच्या पडवीची एक बाजू म्हणजे कुडाची भिंत, शेणानं सारवलेली, आणि तिच्यापलीकडे शेजारीण. काकू म्हणायची मी तिला. काकूचे कान त्या कुडालाच उगवले होते. माझं बोलणं दबक्या आवाजातलं, ते तिला ऐकू जात नसे. मामंजींचं मात्र सगळं जाई. म्हणजे गेला पंधरवडा तिला काय ऐकू येत होतं त्याचा विचार करा. घरधनीण गावाला गेलेली, आणि म्हातारा रोज सांजेला म्हशीशी एकटाच बोलतोय, हसतोय, मध्ये थांबतोय, परत उत्तर देतोय. आणि आज म्हणतोय, तुला जायचं तर जा, नेणारा आला की मी मोकळा.

काकूनं काढायचा तो अर्थ काढला आणि निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात हेडी उभा.

जनावरांच्या विक्रीत दोघांच्या मध्ये उभा राहतो तो हेडी. लालभडक पटका, हातात वेताची काठी, खांद्यावर उपरणं. त्यानं म्हशीचं तोंड उघडून दात पाहिले, कास चाचपली, वाकड्या शिंगाला टिचकी मारली. मग मामंजींपुढं बसून उपरणं आपल्या हातावर पसरलं. त्याच्याखाली बोटं धरून भाव करायचा, तोंडानं आकडा उच्चारायचा नाही, ही त्यांची पद्धत. कुडापाशी काकू. काकूमागे आणखी दोघंतिघं, असेच आलेले. मी दाराआड.

"रामराम आबा. म्हैस काडायची म्हनं."

"कोन म्हनलं?"

"तुमीच म्हनलासा. तिला जायाचं हाय, न्हेनारा मानूस दारात आला की मोकळा. ह्यो बगा, आलो."

"म्या कवा म्हनलो?"

"काल सांजचं," कुडापासून काकू म्हणाली. "म्या ह्या कानानं ऐकलंय. रोजच बोलत्यात तिच्याशी. एकलं पडलंय मानूस, म्हनून आमी आपलं गप ऱ्हायलो."

मागची मंडळी मान हलवू लागली. एकानं हळूच विचारलं, "आबा, जेवान जातंय न्हवं नीट?"

मामंजींचा चेहरा मला दिसत नव्हता, पाठ दिसत होती. ती पाठ ताठ झाली. म्हशीशी बोलत नव्हतो म्हणावं, तर मग कुणाशी बोलत होतो? सुनेशी? रोज सांजेला, हसून-खिदळून? तो माणूस एकीकडून वेडा ठरत होता आणि दुसरीकडून निर्लज्ज. मी पदराचं टोक दातांखाली धरलं. आता हे म्हैस विकून टाकणार, नाहीतर उद्यापासून पुन्हा मुके होणार. दोन्हीत माझं माहेर बुडालंच होतं.

"म्हैस इकायची न्हाई," मामंजी म्हणाले.

"मंग जायाचं कुटं म्हनत हुती ती?"

मामंजींनी म्हशीकडे पाहिलं. म्हैस रवंथ करत होती. तिला काही सुचवायचं असल्यासारखं दिसलं नाही.

"माहेरी," मामंजी म्हणाले.

"म्हशीला माहेर?"

"का? तिला आय न्हाई? भैन न्हाई?"

हेडी धंद्याचा माणूस. गिऱ्हाईक कसंही बोललं तरी तो हसत नाही. "हाय बा," तो म्हणाला. "आसंल. पर पंचमीला मुराळी लागतो. तिला न्हेनार कोन?"

उपरण्याखाली त्याचा हात अजून तसाच पसरलेला होता. मामंजींनी त्या हाताकडे बघितलं, कुडापाशी जमलेल्या डोक्यांकडे बघितलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी."

"तुमी?"

"म्याच न्हेनार. उद्या पहाटं. कुनाचं काय म्हननं हाय?"

कुणाचं काही नव्हतं. हेडीनं उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. निघताना तो अगदी काळजीनं म्हणाला, "वढ्याला पानी हाय आबा. तिचा पाय जपा. आन वाटंत दमली तर मला सांगावा धाडा."

त्या सांजेला मी धार काढताना विचारलं, "म्हशे, लोक काय म्हणतील गं?"

"म्हशे," मामंजी विडीचा झुरका घेत म्हणाले, "चारचौघांत सबूद दिलाय. आता मागं फिरलो तर लोक म्हनतील."

पहाटे मी काकूच्या दारात गेले. म्हटलं, "काकू, दोन दिवस म्हशीची धार काढाल का?"

"आं? म्हैस हितंच? मंग माहेरी कोन चाललंय?"

मी पदर नीट केला. नवं लुगडं नेसले होते, हातात कासाराच्या नव्या बांगड्या होत्या. काकूनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, मग आमच्या पडवीकडे, मग कुडाकडे.

"बया," ती म्हणाली. "म्हंजी रोज सांजचं..."

"चारा मी टाकलाय," मी म्हटलं. "पाणी तेवढं दाखवा."

मामंजी पुढं, मी वीस पावलं मागं. म्हैस घरी, तेव्हा वाटेत बोलायचं कुणाशी हा प्रश्न होता. पण माणसाला एकदा बोलायची सवय लागली की तो सोय काढतो. मामंजी काठीशी बोलले. "काठे, हितं शेवाळ हाय." मी जपून पाय टाके. "काठे, वढा म्या आदी बगतो." गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यांनी काठीचं टोक मागं धरलं, स्वतः पुढं बघत. मी ते टोक धरून ओढा ओलांडला. पलीकडे गेल्यावर ते काठीला म्हणाले, "काठे, हेडी बी चांगला मानूस हाय." मला इतकं हसू आलं की चप्पल चिखलात राहिली.

एसटीत बायका मागं, पुरुष पुढं. कंडक्टरला त्यांनी कामाला लावलं. "मागं इचार, जागा मिळाली का?" कंडक्टर ओरडला, "जागा मिळाली का?" मी मान हलवली. "मिळाली म्हनत्यात." "मागं इचार, भूक लागली का?" कंडक्टर म्हणाला, "आबा, तुमचं तुमी इचारा की, मला तिकिटं फाडायचीत." पौडाला त्यांनी खिडकीतून केळी घेतली आणि मागच्या बाईच्या हातून, तिच्या मागच्या बाईच्या हातून, माझ्यापर्यंत पोचवली. दोन केळी वाटेत कमी झाली. पाठराखणींची जात कुठं जाते?

भऱ्याला उतरलो तेव्हा पावसाची भुरभुर होती. वडील वेशीकडूनच येत होते. त्यांनी व्याह्याला इरल्यात, काठीसह, पुढं चालताना पाहिलं आणि मागं मला. त्यांचा चेहरा पांढरा पडला. व्याही स्वतः सून घेऊन येतोय म्हणजे काही तरी विपरीत घडलं, परत आणून सोडतोय.

"काय चुकलं का पोरीचं?" त्यांनी विचारलं.

"चुकलं न्हाई," मामंजी म्हणाले. "पंचमीला आनलीया."

"मुराळी कोन मंग?"

"आमच्या म्हशीनं धाडलंय मला," मामंजी म्हणाले. वडिलांना त्यातलं काही कळलं नाही, पण त्यांचा श्वास खाली बसला.

विहिरीजवळच्या आंब्याला झोका बांधलेला होता. गावच्या माहेरवाशिणी भोवती जमल्या होत्या. धाकटी तिथं नव्हती. ती बाजूला, विहिरीच्या काठाच्या दगडावर बसली होती, आमच्याकडे पाठ करून. मी हाक मारून उपयोग नव्हता. आणि सासऱ्यांच्या पुढं धावत जायचं, तर पहिल्याच सणाला सासरची लाज काढल्यासारखं. मी अडकले.

मामंजी सरळ तिच्याकडे चालत गेले. तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. एवढा उंच अनोळखी माणूस बघून ती दचकली, उठून पळायच्या बेतात आली. मामंजींनी काठी बगलेत धरली, उजवा हात ओठांपाशी नेला, पाची बोटं जुळवली आणि उघडझाप केली. बेतानं, एकदा, दोनदा. शेतातले जाड हात, चोच काही नीट जमली नाही. मग त्यांनी अंगठ्यानं आपल्या मागं दाखवलं.

ती इतक्या जोरात आली की मी तिच्यासकट चिखलात बसले. नवं लुगडं गेलं. तिनं माझे दोन्ही गाल ओढले, दात मोजल्यासारखं तोंड उघडून पाहिलं, बांगड्या पाहिल्या, आणि मग इतक्या दिवसांचं साचलेलं सगळं हातांनी बोलायला लागली. माझं उत्तर संपायच्या आत पुढचा प्रश्न. मामंजी तिथंच उभे होते, पाऊस बघत.

दुसऱ्या दिवशी, पुरणाची दिंडं खाऊन, मामंजी परत निघाले. आईनं त्यांना कोरं उपरणं दिलं. वडील एसटी बघायला वेशीवर गेले. अंगणात मामंजी, दाराआड मी, आणि पायरीवर धाकटी. आई आत. मामंजी जायला वळले, थांबले, खोकले. मी पदर घेतला. माझ्याशी काही बोलायचं होतं त्यांना. मी परत कधी यायचं, ते अजून ठरलंच नव्हतं. म्हैस इथं नव्हती आणि काठी वडिलांनी पुढं नेली होती.

त्यांनी धाकटीकडे पाहिलं. तिनं त्यांच्याकडे. मामंजींनी ओठांपाशी चोच केली. मग वाकून तळहात जमिनीवर दाबला, बैलाला बसवताना करतात तसा. मग सरळ उभे राहून त्यांनी उजवा हात नाकापाशी धरला आणि कोपरापासून खाली लोंबकळत सोडला, जरासा वाकडा करून. नव्या उपरण्यातला, मिशांचा, कपाळावर आठ्या घातलेला तो माणूस माझ्या माहेरच्या अंगणात सोंड हलवत उभा होता.

धाकटी माझ्याकडे वळली. तिनं सगळं परत करून दाखवलं, तू, बस, गणपतीपर्यंत. फक्त बसचा तळहात तिनं एकदा नाही, चार वेळा दाबला, दोन्ही हातांनी, आणि सोंड पार जमिनीपर्यंत नेली. मधल्यांची जुनी खोड. मीही पूर्वी तिच्या म्हणण्यात माझं घालायची.

मग मी तिला हातांनी सांगितलं, त्यांना विचार, तोवर म्हशीची धार कोण काढणार. तिनं डोक्यावर दोन शिंगं केली, डावं वाकडं करायला मी सांगितलं होतं ते बरोबर केलं, आणि कास पिळून भुवया उडवल्या. मामंजींनी विचार केला. मग हाताचा पंजा कानामागे नेऊन, कुडाला कान लावल्यासारखी मान कलती केली.

धाकटीला ते कळेना. ती माझ्याकडे बघत राहिली. मी इतकी हसत होते की मला तिला सांगताच येईना. वेशीवरून वडिलांची हाक आली, गाडी दिसली म्हणून. मामंजी दोन पावलं गेले, थांबले, आणि मागं न बघता पुन्हा एकदा कानामागे पंजा धरून दाखवला.